मर्सीच्या मुखाशीं टाकलेली फीत

ससून हें नांव मुंबईकरांस आणि पुणेकरांस परकें नाहीं. कुलाब्याची ससून गोदी पहाटेच्या मासळीच्या बाजारामुळें सर्वांस ठाऊक आहे. काळ्या घोड्याजवळचें डेव्हिड ससून वाचनालय कित्येक पिढ्यांच्या वाचकांनीं आपलेंसें केलेलें आहे. आणि ससून रुग्णालयाची पायरी ज्यांतलें कोणीच कधीं चढलें नाहीं असें पुण्यांतील जुनें घराणें शोधूनच काढावें लागेल. या नांवाचा मूळ पुरुष डेव्हिड ससून हा बगदादचा यहुदी व्यापारी. १८३२ च्या सुमारास तो मुंबईस आला, कापूस, कापड आणि अफू यांच्या व्यापारांत त्यानें अलोट संपत्ति मिळविली, आणि १८६४ मध्यें पुण्यास त्याचा अंत झाला. तेथील लाल देवळाच्या आवारांत त्याची कबर आहे. त्याच्याच एका पणतूची ही हकीकत आहे. हा पणतू पेढीवर कधीं बसला नाहीं, व्यापारउदीम त्यानें केला नाहीं, आणि त्याचें नांवहि मोठें चमत्कारिक होतें : सिगफ्रीड. त्याच्या आईला जर्मन संगीतकार वाग्नर याच्या संगीतनाट्यांचें वेड. म्हणून तिनें मुलाला त्यांतल्या एका नायकाचें नांव दिलें. जर्मन नांवाचा हा मुलगा पुढें जर्मनांशीं लढला. ब्रिटिश सैन्याचें शौर्यपदक त्याला मिळालें, आणि त्या पदकाची फीत त्यानें एके दिवशीं स्वतःच्या हातानें पाण्यांत टाकून दिली.

सिगफ्रीडचा बाप आल्फ्रेड हा इंग्लंडांत स्थायिक झालेल्या ससूनांच्या शाखेंतला. त्यानें धर्माबाहेर लग्न केलें. मुलगी थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकारांच्या घराण्यांतील. घरच्यांना तें खपलें नाहीं आणि संपत्तींतून त्याचें नांव कमी झालें. केंट परगण्यांतील एका टेंकडीवरच्या घरीं ८ सप्टेंबर १८८६ रोजीं सिगफ्रीडचा जन्म झाला. तो लहान असतांनाच बाप घर सोडून गेला आणि १८९५ मध्यें क्षयानें वारला. तिघां भावांना आईनें वाढविलें, तें ख्रिस्ती रीतीनें. मुंबईच्या ससूनांशीं त्यांचा संबंध आडनांवापुरताच उरला. सिगफ्रीड केंब्रिजला गेला, पण पदवी न घेतांच परतला. बेताचें परंतु पुरेसें उत्पन्न होतें. हिंवाळ्यांत घोड्यावर बसून कोल्ह्यांची शिकार, उन्हाळ्यांत क्रिकेट, आणि मधल्या वेळांत कविता, असा त्याचा क्रम. या कविता तो स्वतःच्या खर्चानें छापून स्नेह्यांना वांटी. त्या गोड होत्या, आणि त्यांत सांगण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें.

१९१४ च्या ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धांत पडलें, तेव्हां या सत्तावीस वर्षांच्या गृहस्थाचें नांव आधींच घोडदळाच्या एका पथकांत दाखल झालेलें होतें. घोड्यावरून पडून हात मोडला, त्यांत कांहीं महिने गेले. १९१५ च्या मे महिन्यांत रॉयल वेल्श फ्युसिलियर्स या जुन्या पायदळ पलटणींत त्याला सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. नोव्हेंबरच्या आरंभीं धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेंत मारला गेला, आणि त्याच महिन्यांत हा फ्रान्सला पोंचला. पुढील मार्चमध्यें त्याचा अत्यंत जिवलग मित्र, डेव्हिड थॉमस नांवाचा कोवळा अधिकारी, गळ्यांत गोळी लागून गेला. त्या दिवसापासून ससूनच्या मनांत कांहीं तरी बिथरलें. रात्र पडली कीं तो दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या निर्मनुष्य पट्टींत एकटादुकटा शिरूं लागला. जर्मन गांठावा आणि मारावा, एवढाच हेतु. शिपाई त्याला वेडा जॅक म्हणूं लागले. त्या नांवांत कौतुक होतें, आणि थोडी धास्तीहि होती.

१९१६ च्या मे महिन्यांत त्याची पलटण सोम नदीच्या उत्तरेस, फ्रिकूर आणि मामेत्झ या खेड्यांसमोर खंदकांत होती. २५ तारखेच्या रात्रीं समोरच्या जर्मन खंदकावर छापा घालण्याचें ठरलें. पंचवीस-तीस माणसें तोंडास काळें फांसून तयार झालीं. ससूनला त्यांच्याबरोबर जावयाचें होतें. परंतु कर्नलनें परवानगी नाकारली. आपल्याच खंदकांत थांबून परत येणारीं माणसें मोजून घ्यावीं, एवढें काम त्याच्या वांट्यास आलें.

छापा फसला. काटेरी तारांचें जाळें पुरतें तुटलेलें नव्हतें. माणसें तारांपाशीं अडून राहिलीं, आणि समोरून बंदुका व हातगोळे सुरू झाले. जखमी एकेक करून सरपटत मागें येऊं लागले. मोजणीस बसलेल्या ससूनचा हिशेब जुळेना. तेव्हां तो उठला आणि बाहेर पडला. सुरुंग उडून पडलेल्या एका खोल खड्ड्यांत ओब्रायन नांवाचा आयरिश कॉर्पोरल पडला होता. रात्रीच्या गस्तींत ससूनचा नेहमींचा सोबती. हातपाय छिन्नभिन्न झालेल्या धिप्पाड माणसाला निसरड्या, उभ्या कडेवरून वर काढणें हें एकट्याच्या आवांक्यांतलें काम नव्हतें. ससून परत आला, माणसें घेऊन पुन्हां गेला, आणि त्याला वर काढलें. ओब्रायन वांचला नाहीं. पण त्या रात्रीं बाहेर गेलेल्यांपैकीं एकहि माणूस, जिवंत वा मेलेला, तारांपाशीं पडून राहिला नाहीं.

जुलैच्या अखेरीस लंडन गॅझेटांत जें गौरवपत्रक प्रसिद्ध झालें त्यांत एवढेंच सांगितलें आहे कीं या अधिकाऱ्यानें दीड तास गोळ्यांच्या आणि हातगोळ्यांच्या माऱ्यांत राहून जखमी गोळा केले, आणि त्याच्या धैर्यामुळें व निश्चयामुळें सारे मृत व जखमी परत आणतां आले. हें पत्रक नीट वाचण्यासारखें आहे. ज्या माणसाची ख्याति जर्मन मारण्याच्या वेडाबद्दल होती, त्याला पदक मिळालें तें माणसें परत आणल्याबद्दल. छाप्याचा हेतु साधला नव्हता, आणि ज्याच्यासाठीं सर्वांत अधिक खटपट केली तोहि हातीं लागला नव्हता. त्यानंतर जें घडलें त्याचें बीज कोठें तरी या रात्रींत आहे, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

त्याला मिळालेलें पदक म्हणजे मिलिटरी क्रॉस. हा क्रॉस त्या वेळीं अगदीं नवा होता. क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ मध्यें व्हिक्टोरिया क्रॉस निघाला, आणि १८८६ मध्यें डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर. पहिला फारच दुर्मिळ, दुसरी बहुतेक वरच्या अधिकाऱ्यांकडे जाणारी. १९१४ च्या शरदांत खंदकांत मरूं लागले ते मात्र विशी-पंचविशींतले लेफ्टनंट आणि कॅप्टन. त्यांच्यासाठीं २८ डिसेंबर १९१४ रोजीं राजाज्ञेनें हें पदक स्थापन झालें : साधा रुप्याचा क्रॉस, चार टोंकांना चार मुकुट, मध्यें राजाचीं आद्याक्षरें, आणि वर पांढरी फीत, तिच्या मधोमध जांभळा पट्टा. कॅप्टन व त्याखालचे अधिकारी, आणि वॉरंट अधिकारी, यांनाच तें देतां येई. साध्या शिपायासाठीं १९१६ च्या मार्चमध्यें मिलिटरी मेडल नांवाचें वेगळें पदक निघालें. म्हणजे ससूनऐवजीं ओब्रायननें हेंच कृत्य केलें असतें तर त्याच्या छातीवर निराळीच फीत आली असती. शौर्याला हुद्द्याप्रमाणें वेगवेगळ्या ताटांत वाढण्याची ही रीत इंग्रज सैन्यानें १९९३ पर्यंत चालविली. त्या वर्षीं मिलिटरी मेडल बंद होऊन क्रॉस सर्वांना खुला झाला.

पदक मिळण्याचा मार्गहि कागदोपत्रीं लांबचा होता. पलटणीच्या प्रमुखानें शिफारस लिहावयाची, ती ब्रिगेडकडे, तेथून डिव्हिजनकडे, तेथून आणखी वर. आणि प्रत्येक पायरीवर ती मंजूर, नामंजूर वा कमी दर्जाच्या पदकावर उतरविण्याची मुभा. ज्याचें शौर्य कोणा अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलें नाहीं, त्याचें शौर्य झालेंच नाहीं, असा याचा व्यवहारांतला अर्थ. त्यांतहि हा क्रॉस मेलेल्याला देतां येत नसे; शिफारस जिवंतपणीं झालेली असावी लागे. इतकें असूनहि पहिल्या महायुद्धांत ३७ हजारांहून अधिक मिलिटरी क्रॉस वांटले गेले. यावरून युद्ध केवढें होतें याची थोडी कल्पना येते. पदकावर धारण करणाराचें नांव कोरण्याची सरकारी पद्धत त्या काळीं नव्हती. पाठीमागची बाजू कोरी असे. शिवाय, आणि ही गोष्ट पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवली पाहिजे, रोजच्या गणवेषावर क्रॉस लावीत नाहींत. क्रॉस डबींत राहतो. अंगरख्याच्या डाव्या छातीवर शिवतात ती फक्त फितीची बोटभर लांबीची पट्टी. रस्त्यांत लोक ओळखतात तें त्या पट्टीवरून.

ससूनला पदकाचा आनंद झाला, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्यानेंहि तें लपविलें नाहीं. जूनच्या अगदीं अखेरीस बातमी आली. दुसऱ्या दिवशीं, १ जुलैला, सोमची मोठी चढाई सुरू झाली. त्या एका दिवसांत ५७ हजारांवर ब्रिटिश सैनिक कामास आले किंवा जायबंदी झाले, त्यांत १९ हजारांहून अधिक मृत. ससूनची कंपनी त्या दिवशीं राखीव होती; त्यानें तें सारें मागच्या खंदकांतून उन्हांत बसून पाहिलें. तीन दिवसांनीं मामेत्झच्या रानाजवळ मात्र त्याची पाळी आली. त्याच्या बाजूचा एक तरुण लान्स-कॉर्पोरल जर्मन नेमबाजाच्या गोळीनें पडला. ससून उठला, कोणाचा हुकूम नसतां हातगोळे घेऊन मधली उघडी जमीन धांवत ओलांडली आणि थेट जर्मनांच्या खंदकांत जाऊन उतरला. एकटा माणूस असा येईल हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसावें. खंदकांतले चाळीस-पन्नास जर्मन पळून गेले. मग काय करावें हें त्याला सुचलें नाहीं. खंदक जिंकलेला, पण राखावयास दुसरें कोणी नाहीं. मागें निरोप पाठवून कुमक मागवावी तें त्यानें केलें नाहीं. त्याचा मित्र रॉबर्ट ग्रेव्हज सांगतो कीं तो तेथेंच बसून खिशांतलें कवितांचें पुस्तक वाचीत राहिला. आणि आपलीं माणसें पुढें आहेत अशा समजुतीनें तोफखान्याचा मारा तीन तास अडून राहिला. ग्रेव्हजला गोष्ट रंगविण्याची हौस होती, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. परंतु कर्नल संतापला हें खरें, आणि या पराक्रमासाठीं दुसरें पदक मिळालें नाहीं हेंहि खरें. सैन्याला शौर्य हवें असतें तें हुकुमाच्या चौकटींतलें. या माणसाचें शौर्य त्या चौकटींत मावत नव्हतें, ही गोष्ट त्या दिवशींच कोणाच्या तरी ध्यानांत यावयास हरकत नव्हती.

त्यानंतर आजार, इंग्लंडांतील रुग्णालय, पुन्हां फ्रान्स; आणि १९१७ च्या १६ एप्रिलला आरासजवळच्या लढाईंत खांद्यांतून गोळी आरपार. तो पुन्हां इंग्लंडला आला. एव्हांना त्याच्या कवितेचा सूर पार बदलला होता. शिकारीच्या आणि चांदण्याच्या ओळी गेल्या. त्यांच्या जागीं खंदकांतली घाण, नकाशांवर बोट ठेवून माणसें मरणाकडे धाडणारे सेनापति, आणि घरीं बसून विजयाच्या गप्पा मारणारे सभ्य लोक आले. त्याच्या एका प्रसिद्ध कवितेंत एक अधिकारी मेलेल्या शिपायाच्या म्हाताऱ्या आईला पत्र देण्यास येतो. मुलगा वीरासारखा गेला, असें तो तिला सांगतो. बाहेर पडतांना वाचकाला कळतें कीं मुलगा भेदरट होता, घरीं जाण्यासाठीं धडपडत होता आणि चिंधड्या होऊन मेला. सांगणारा लबाड आहे, पण त्याच्या लबाडींत दया आहे. गॅझेटांतल्या गौरवपत्रकांची भाषा जवळून पाहिलेल्या माणसालाच ही कविता सुचावी.

१९१७ च्या उन्हाळ्यांत तो बर्ट्रांड रसेल आणि युद्धविरोधी मंडळींतील इतर कांहीं जणांना भेटला, आणि त्यांच्या सल्ल्यानें त्यानें एक जाहीर निवेदन लिहिलें. त्याचा आशय थोडक्यांत असा : लष्करी अधिकाराची अवज्ञा आपण समजून उमजून करीत आहों, स्वसंरक्षणासाठीं आणि मुक्ततेसाठीं म्हणून सुरू झालेलें युद्ध आतां जिंकून घेण्याचें युद्ध झालें आहे, ज्यांच्या हातीं तें थांबविण्याची सत्ता आहे तेच तें मुद्दाम लांबवीत आहेत, आपला आक्षेप लढाई चालविण्याच्या पद्धतीवर नसून राजकारण्यांच्या कपटावर आहे, आणि ज्या यातना आपल्याला भोगाव्या लागत नाहींत त्यांच्याकडे स्वस्थपणें पाहणाऱ्या घरच्या लोकांच्या आत्मसंतुष्टतेवरहि आहे. रजा संपल्यावर परत न जातां हें निवेदन त्यानें आपल्या वरिष्ठांकडे पाठवून दिलें.

या कृत्याचें मोल समजण्यासाठीं त्या वेळच्या इंग्लंडची स्थिति पाहिली पाहिजे. सक्तीची भरती लागू झाली होती. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या हजारों लोकांना तुरुंग दाखविण्यांत येत होता. खुद्द रसेलची केंब्रिजमधील अध्यापकाची जागा १९१६ मध्येंच गेली होती, आणि १९१८ मध्यें त्याला सहा महिन्यांची कैद व्हावयाची होती. या सर्वांना गप्प करण्यास एक शब्द पुरे होत असे : भित्रा. ससूनला मात्र तो शब्द लावतां येईना. त्याच्या छातीवर पांढरी-जांभळी पट्टी होती, आणि ती सरकारनेंच दिलेली होती. त्याला कोर्टमार्शलसमोर उभें करावें तर फिर्यादीच्या पहिल्याच पानावर राजाच्या गॅझेटांतलें तें गौरवपत्रक येणार. ससूनलाहि नेमकें हेंच हवें होतें. शिक्षा व्हावी, गवगवा व्हावा, आणि सैनिकांच्या वतीनें एका सैनिकाचा शब्द लोकांच्या कानीं पडावा, अशी त्याची अपेक्षा होती.

लिव्हरपूलजवळच्या छावणींत हजर होतांच आपल्याला अटक होईल असें त्याला वाटलें. तसें कांहीं झालें नाहीं. तेथल्या अधिकाऱ्यानें त्याच्याशीं गोड बोलून, विचार बदलण्यास सांगून, त्याची व्यवस्था शहरांतल्या एका हॉटेलांत करून दिली. तुरुंगाची मनाची तयारी करून आलेल्या माणसाला हॉटेलांत ठेवणें, यासारखी शिक्षा नाहीं. वैद्यकीय तपासणीसाठीं क्रूला जाण्याचा हुकूम आला, तो त्यानें मोडला आणि आगगाडीचा पास फाडून टाकला. अशा रिकाम्या, कोंडलेल्या दिवसांत तो एकदां फॉर्मबीच्या वाळवंटावर फिरावयास गेला. तेथें मर्सी नदी समुद्राला मिळते. त्यानें आकाशाकडे मुठी उगारल्या, अंगरख्यावरची फीत ओरबाडून काढली आणि पाण्यांत टाकली.

हा प्रसंग पुढें त्यानें १९३० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'मेम्वार्स ऑफ ॲन इन्फन्ट्री ऑफिसर' या पुस्तकांत सांगितला आहे, आणि तो सांगतांना स्वतःला मुळींच सोडलेलें नाहीं. त्या चिंधीला वजनच नव्हतें. ती बुडालीसुद्धां नाहीं, लाटेवर हलकेच तरंगत गेली. त्यापेक्षां घोड्यांच्या शर्यतींत जिंकलेला एखादा रुप्याचा पेला फेंकला असता तर निदान पाण्यांत पडल्याचा आवाज तरी आला असता, अशा अर्थाचें तो लिहितो. नाटकी कृत्य करणारा माणूस आणि त्या नाटकाला हंसणारा माणूस, हे दोघे या लेखकांत नेहमीं एकाच वेळीं हजर असतात. त्याच्या गद्याची गोडी यांतच आहे.

येथें एक विसंगति आहे, तिकडे चरित्रकारांचें लक्ष जावें तितकें जात नाहीं. पाण्यांत टाकलेली फीत हीच त्या दिवसांत त्याची ढाल होती. साध्या शिपायानें असें निवेदन लिहिलें असतें तर त्याला हॉटेल मिळालें नसतें. पदकाचा त्यानें धिक्कार केला. पदक मात्र त्याला सांभाळीत राहिलें.

अखेर त्याला वळविलें तें सरकारनें नव्हे, मित्रानें. रॉबर्ट ग्रेव्हज त्याच पलटणींतला अधिकारी आणि स्वतःहि कवि. ससूनचें म्हणणें त्याला पुष्कळसें पटत होतें, पण या मार्गानें मित्राचा नाश तेवढा होईल आणि युद्ध एक तासहि आधीं थांबणार नाहीं, अशी त्याची खात्री होती. त्यानें ससूनला शपथेवर सांगितलें कीं तुझ्यावर कोर्टमार्शल होणारच नाहीं. तपासणीस नकार दिलास तर युद्ध संपेपर्यंत तुला वेड्यांच्या इस्पितळांत कोंडून ठेवतील. ही शपथ खोटी होती. ससून नमला. वैद्यकीय मंडळासमोर ग्रेव्हजनें साक्ष दिली, आणि स्वतःच्या थकलेल्या मनामुळें साक्ष देतां देतां तो तीनदां रडला. मंडळानें निकाल दिला कीं ससूनचे मज्जातंतु युद्धाच्या ताणानें दुखावले आहेत. ३० जुलैला लीज-स्मिथ या सभासदानें पार्लमेंटांत निवेदन वाचून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं तें टाइम्समध्यें छापून आलें. सरकारतर्फें शांतपणें उत्तर मिळालें : हा अधिकारी आजारी आहे, आपल्या कृत्यास तो जबाबदार नाहीं. भित्रा म्हणतां येत नव्हतें, म्हणून रोगी म्हटलें. प्रश्न तेथेंच मिटला.

एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथें मनानें खचलेल्या अधिकाऱ्यांसाठीं रुग्णालय होतें. तेथें ससूनला डॉ. रिव्हर्स यांच्या हवालीं करण्यांत आलें. हे गृहस्थ आपल्याकडील अभ्यासकांनाहि अपरिचित नाहींत. निलगिरीच्या तोडा लोकांवरील १९०६ मधला प्रसिद्ध ग्रंथ त्यांचाच. ससून वेडा नाहीं हें त्यांनीं पहिल्या भेटींतच ओळखलें असावें. तरी पण रुग्ण बरा करून पुन्हां लढाईवर पाठविणें हें त्यांचें कर्तव्य होतें. आणि ज्याला रोगच नाहीं त्याला बरें करणें म्हणजे त्याचें मत पालटणें. या पेंचाची जाणीव त्या सज्जन डॉक्टरांना पुरेपूर होती. त्यांनीं वाद घातला नाहीं; ऐकून घेतलें, प्रश्न विचारले, आणि ससूनला स्वतःच्या मनाशीं एकटें सोडलें. रात्रीं इतर रोग्यांच्या किंकाळ्या ऐकतांना त्याला आपल्या कंपनींतलीं माणसें दिसूं लागलीं. आपण सुरक्षित आहों आणि तीं तेथें आहेत, हें त्याला सहन होईना. युद्धाविषयींचें आपलें मत तिळमात्र न बदलतां नोव्हेंबरमध्यें त्यानें पुन्हां रणांगणावर जाण्याचें पत्करलें. जखमी परत आणण्यासाठीं मे महिन्याच्या रात्रीं खंदकाबाहेर पडलेला माणूस आणि हा माणूस एकच.

तो पॅलेस्टाइनला गेला, तेथून फ्रान्सला. १९१८ च्या १३ जुलैस पहांटे गस्तीवरून परत येतांना त्याच्याच कंपनींतल्या एका सार्जंटनें त्याला जर्मन समजून गोळी झाडली. ती डोक्याला चाटून गेली. अशा रीतीनें वेड्या जॅकचें युद्ध आपल्याच माणसाच्या हातून संपलें.

क्रेगलॉकहार्टमध्यें त्याला आणखी एक माणूस भेटला होता. १९१७ च्या ऑगस्टमध्यें मँचेस्टर रेजिमेंटचा एक बुजरा, अडखळत बोलणारा सेकंड लेफ्टनंट ससूनच्या कवितासंग्रहाच्या प्रती बगलेंत घेऊन सह्या मागण्यासाठीं त्याच्या खोलीच्या दारांत उभा राहिला. त्याचें नांव विल्फ्रेड ओवेन. पुढच्या तीन महिन्यांत ससूननें त्याच्या कवितांवर हात फिरविला, आणि इंग्रजी युद्धकवितेंतील सर्वांत थोर असा कवि तयार झाला. हाहि पुन्हां फ्रान्सला गेला. १९१८ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं झांकूर गांवाजवळच्या चढाईंत त्याच्या कंपनीचे वरिष्ठ अधिकारी पडल्यावर त्यानें कंपनी हातीं घेतली, जर्मन मशीनगन काबीज केली, आणि त्याचीहि मिलिटरी क्रॉससाठीं शिफारस झाली. त्यानें आईला लिहिलेल्या पत्रांत हें पदक मिळावें अशी इच्छा स्पष्ट बोलून दाखविली आहे, आणि तिचें कारणहि दिलें आहे : घरीं परतल्यावर त्यामुळें आपल्याला विश्वास येईल. युद्धाविरुद्ध बोलणाऱ्याच्या छातीवर पांढरी-जांभळी फीत असली तर लोकांना ऐकावें लागतें, हा धडा त्यानें आपल्या मित्राच्या अनुभवावरून घेतला असावा. पदक टाकणारा आणि पदक मागणारा, दोघांचा हिशेब मुळांत एकच होता.

ओवेनला तें वापरतां आलें नाहीं. ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं ऑर्स गांवाजवळ कालवा ओलांडण्याच्या प्रयत्नांत तो मारला गेला. ११ तारखेस श्रूजबरींत तहाच्या आनंदाच्या घंटा वाजत असतांना त्याच्या आईबापांच्या हातांत तार पडली. क्रॉस गॅझेट झाला तो पुढील फेब्रुवारींत. १९२० मध्यें रवींद्रनाथ इंग्लंडांत असतांना त्या आईनें त्यांना एक पत्र लिहिलें. मुलानें घर सोडतांना शेवटचे जे शब्द तिला म्हणून दाखविले ते गीतांजलींतले होते. मागाहून त्याच्या खिशांतली टिपणवही तिच्याकडे परत आली, तिच्यांतहि तेच शब्द त्याच्या हातचे लिहिलेले, आणि खालीं रवींद्रनाथांचें नांव.

ससून मात्र पुष्कळ जगला. त्यानें गद्यांत आणि पद्यांत उरलेलें आयुष्य बव्हंशीं त्या चार वर्षांकडे मागें वळून पाहण्यांत घालविलें. १९५१ मध्यें त्याला सी. बी. ई. ही पदवी मिळाली आणि १९५७ मध्यें राणीचें काव्यपदक; हीं त्यानें पाण्यांत टाकलीं नाहींत. १ सप्टेंबर १९६७ रोजीं, एक्क्याऐंशी पुरे होण्यास आठवडा असतां, विल्टशायरमधील आपल्या घरीं तो वारला.

मध्यंतरीं लोकांनीं त्याची गोष्ट अधिक ठसठशीत करून घेतली होती. फितीऐवजीं क्रॉसच समुद्रांत गेला, असें सांगण्याचा प्रघात पडला, आणि पुष्कळांनीं तें खरें धरलें. त्यानें स्वतः फीत असेंच लिहिलें होतें, पण रुप्याचा क्रॉस पाण्यांत पडतांना अधिक शोभतो. २००७ मध्यें स्कॉटलंडच्या मल बेटावर त्याच्या मुलाच्या घराच्या माळ्यावरील सामानांत तो क्रॉस सांपडला. तो लिलावास निघाला, आणि रॉयल वेल्श फ्युसिलियर्सच्या संग्रहालयानें चार हजारांहून अधिक पौंड देऊन तो विकत घेतला. हें संग्रहालय वेल्समध्यें कार्नार्व्हनच्या किल्ल्यांत, समुद्राच्या अगदीं कांठावर आहे.